झाकणे आणि सावरणे : व्यसन, शिक्षा आणि समाजाची जबाबदारी

अमली पदार्थांच्या बातम्या म्हणजे मुंबईच्या, गोव्याच्या किंवा पंजाबच्या, असा मराठवाड्यात बरीच वर्षे समज होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या समजाला तडा गेला. अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुंबई पथकाने नांदेड जिल्ह्यातील नायगाव तालुक्यात एक मालट्रक अडवला. आंध्र प्रदेशातून निघून जळगावकडे चाललेल्या त्या ट्रकमधून १,१२७ किलो गांजा जप्त झाला. त्याच महिन्यात नांदेडमध्येच दुसऱ्या एका छाप्यात १११ किलो अफूच्या बोंडांचा चुरा, सुमारे दीड किलो अफू आणि बोंडे दळण्याची यंत्रे हाती लागली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात रोहिणा परिसरात, डोंगराळ आणि आडवळणाच्या जागी चाललेला मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. तेथे ११.३६ किलो मेफेड्रोन सापडले. चोरट्या बाजारात त्याची किंमत सुमारे १७ कोटी रुपये होती. सात जणांना अटक झाली. माल बनवणारा, पैसा पुरवणारा आणि मुंबईत माल पसरवणारा, अशा साखळीच्या साऱ्या कड्या त्यांत असल्याचे तपास यंत्रणेने सांगितले.

या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु नांदेड आणि लातूर ही आता दूरवरच्या बातमीची गावे राहिलेली नाहीत, एवढे तर या तीन घटनांनी दाखवून दिले. एकीकडे हा भाग मालाच्या वाटेवर आहे आणि दुसरीकडे माल बनवण्याचे धाडसही येथे झालेले आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने अकरावी-बारावीची आणि वैद्यकीय प्रवेशाची तयारी करण्यासाठी मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून हजारो मुले-मुली लातुरात येतात. नांदेडमध्येही तीच स्थिती आहे. पंधरा-सोळा वर्षांचे लेकरू वसतिगृहाच्या किंवा भाड्याच्या खोलीत एकटे राहते. जागरण, परीक्षेचा ताण आणि घरापासूनचे अंतर त्याच्या वाट्याला येते. अशा गावांच्या वेशीवर हा माल येऊन पोचला असेल, तर आईवडिलांची काळजी अनाठायी म्हणता येणार नाही.

अशा बातमीनंतर घरोघरी एकच उद्गार निघतो, “असल्यांना फाशीच दिली पाहिजे!” हा संताप स्वाभाविक आहे. पण त्या ‘असल्यां’मध्ये नेमके कोण कोण येतात, याचा विचार संतापाच्या भरात राहून जातो. माल बनवणारा येतो, नेणारा येतो, विकणारा येतो. आणि ज्याच्या खिशात एक पुडी सापडते तो आपल्याच घरातला मुलगाही येतो.

कायद्याचा तराजू

भारतात या विषयाचा मुख्य कायदा १९८५ चा आहे. ‘एनडीपीएस कायदा’ या नावाने तो सर्वांना परिचित आहे. १९८९ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. त्या काळी अफू, हेरॉईन यांसारख्या पदार्थांच्या बाबतीत जवळ थोडे सापडले काय आणि पोतेभर सापडले काय, किमान १० वर्षांच्या शिक्षेचे सावट दोघांवरही पडत असे. केवळ स्वतःच्या सेवनासाठी थोडे बाळगणाऱ्याला सवलत होती, पण सेवनासाठीच बाळगले हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच असे. २००१ मध्ये संसदेने ही त्रुटी दूर केली आणि अल्प प्रमाण, मध्यम प्रमाण व व्यापारी प्रमाण अशा तीन पायऱ्या ठरवल्या.

गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंतचे वजन अल्प आणि २० किलोपासून पुढचे व्यापारी मानले जाते. मेफेड्रोनच्या बाबतीत हीच वजने २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत. व्यापारी प्रमाणासाठी १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड आहे. मधल्या पायरीवर १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. केवळ सेवनाच्या गुन्ह्याला पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंतची कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे.

पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २ ग्रॅम हे वजन फारच थोडे आहे. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरासिंग खटल्यात असा निर्णय दिला, की पुडीतील शुद्ध अमली द्रव्य वेगळे काढून मोजायचे नाही. त्यात जी भेसळ असेल तिच्यासह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. विकणाऱ्याने नफ्यासाठी मिसळलेली पूडही अशा रीतीने घेणाऱ्याच्या नावावर जमा होते. “मित्रांसाठी मीच आणून देतो” असे म्हणणारा मुलगा स्वतःला विक्रेता समजत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो सेवन करणाऱ्याच्या ओळीतून पुरवठा करणाऱ्याच्या ओळीत जाऊन उभा राहतो.

करणारा, करविणारा, अनुमोदन देणारा

पापाची जबाबदारी केवळ प्रत्यक्ष करणाऱ्यावर संपत नाही, हे जैन घरातील लहान मूलही ऐकत आलेले असते. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही मार्गांनी कर्माचा बंध होतो. आश्चर्य वाटेल, पण एनडीपीएस कायद्याची रचनाही याच तीन अंगांनी झालेली आहे. जो माल बनवतो, बाळगतो, नेतो वा विकतो, तो करणारा. जो या व्यापाराला पैसा पुरवतो त्याच्यासाठी कलम २७-अ आहे आणि त्याची शिक्षाही १० ते २० वर्षांची आहे. जो कटात सामील होतो किंवा चिथावणी देतो त्याच्यासाठी कलम २९ आहे. हे करविणारे झाले. आणि जो आपले घर, खोली, गोदाम वा वाहन अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू देतो, त्याला कलम २५ मूळ गुन्हेगाराच्याच शिक्षेस पात्र ठरवते. ही अनुमोदना.

शहरात घरे आणि गाळे भाड्याने देणाऱ्या, गावाकडे शेड किंवा शेत बटाईने देणाऱ्या प्रत्येकाने हे कलम लक्षात ठेवावे. आडवळणाच्या जागेला अचानक चढे भाडे मिळू लागते, भाडेकरू दिवसा दिसत नाहीत, रसायनांचे पिंप येतात आणि उग्र दर्प सुटतो. अशा वेळी भाडे मोजून घेणे आणि चौकशी न करणे हा व्यवहारचातुर्याचा भाग वाटतो. पण माहीत असून डोळे मिटणे आणि माहीत नसणे यांतील भेद कायदाही जाणतो आणि धर्मही जाणतो. श्रावकासाठी निषिद्ध मानलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. विषाच्या व्यापारातून येणारा पैसा भाड्याच्या पावतीने शुद्ध होत नाही.

उघडी असूनही न दिसणारी दारे

एनडीपीएस कायदा कठोर म्हणून ओळखला जातो आणि तो तसा आहेही. परंतु व्यसनाधीन माणसासाठी त्यात दोन दारे ठेवलेली आहेत. त्यांची माहिती फार थोड्या कुटुंबांना असते.

पहिले दार कलम ३९ चे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यात एखादी व्यसनी व्यक्ती दोषी ठरली, तर न्यायालय तिला लगेच शिक्षा न देता, तिच्या संमतीने, शासकीय वा शासनमान्य संस्थेत उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकते. उपचाराचा अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, पुन्हा असे न करण्याच्या बंधपत्रावर तिला मुक्तही करू शकते.

दुसरे दार कलम ६४-अ चे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागू झालेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय वा शासनमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. अट एकच आहे, उपचार पूर्ण केले पाहिजेत. ते अर्धवट टाकल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते.

याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची जोड मिळाली. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापरातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला. म्हणजे नाव गुप्त राखून उपचार मागण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे.

तरीही ही दारे ओस पडलेली दिसतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच, आणि बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळतात. उपचार केंद्रे अपुरी आहेत, हे याचे एक कारण. दुसरे कारण घराच्या उंबरठ्याच्या आत दडलेले आहे.

लोकलाजेचा पडदा

मुलगा रात्री उशिरा येऊ लागतो. डोळे लाल असतात, भूक मंदावते, वजन उतरते, दुकानाच्या गल्ल्यातून नोटा कमी होतात. आईला पहिल्यांदा कळते. ती वडिलांपासून लपवते. वडिलांना कळते, ते काका-आजोबांपासून लपवतात. बहिणीचे लग्न व्हायचे असते, पेढीचे नाव असते, समाजात मान असतो. मग मुलाला पैसे देऊन गप्प केले जाते, त्याची उधारी गुपचूप फेडली जाते आणि “लग्न करून दिले की सुधारेल” असा निष्कर्ष निघतो. अशा रीतीने एका परक्या घरची निष्पाप मुलगीही त्या आगीत ओढली जाते.

हे लपवणे प्रेमापोटीच असते. आपल्या परंपरेत दुसऱ्याचा दोष झाकण्याला गुणही मानले आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन हे पाचवे अंग आहे. त्याचे उदाहरण म्हणून जिनेंद्रभक्त श्रेष्ठींची कथा सांगितली जाते. त्यागी पुरुषाचा वेष घेतलेल्या एका चोराने त्यांच्या चैत्यालयातील रत्न पळवले. तो पकडला गेला तेव्हा धर्माची निंदा होऊ नये म्हणून श्रेष्ठींनी लोकांसमोर त्याला वाचवले. पण त्याचे कृत्य त्यांनी पोटात घातले नाही. एकांतात त्याला खडसावले आणि दूर केले.

या अंगाच्या पाठोपाठच सहावे अंग येते, स्थितीकरण. धर्मापासून ढळू लागलेल्याला पुन्हा स्थिर करणे म्हणजे स्थितीकरण. वारिषेण मुनींनी संसाराच्या ओढीने डळमळलेल्या पुष्पडालाला धिक्कारले नाही. त्याला बरोबर घेऊन ते आपल्या राजवाड्यात गेले, स्वतः त्यागलेले सारे वैभव त्याला दाखवले आणि त्याचे मन ठिकाणावर आणले. त्यासाठी त्यांना स्वतः चालत जावे लागले, वेळ द्यावा लागला.

ही दोन अंगे जोडीने येतात, यात मोठा अर्थ आहे. दोष झाकला आणि माणसाला सावरले नाही, तर ते उपगूहन उरत नाही. ती केवळ लपवाछपवी होते आणि तिच्या आडोशाला व्यसन वाढत जाते. २ ग्रॅमची पुडी पुढे ५ ग्रॅमची होते, पैसे अपुरे पडले की घेणारा विकू लागतो आणि ज्या मुलासाठी कलम ६४-अ चे दार उघडे होते, तो त्या दारापासून दूर निघून जातो. त्या कलमाची मांडणी पाहिली तर तीही याच दोन अंगांची आहे. खटला चालवायचा नाही, हे झाकणे. उपचार पूर्ण करून घ्यायचे, हे सावरणे.

शिक्षेची मर्यादा

व्यसनी माणसाला सौम्यतेने वागवले तर व्यसन वाढेल, असा एक आक्षेप घेतला जातो. तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे, कारण धाक संपला तर मोहाला मोकळे रान मिळते. पण धाकाचा अनुभवही देशाने घेतलेला आहे. १९८९ मध्ये काही गुन्ह्यांच्या पुनरावृत्तीसाठी अनिवार्य मृत्युदंडाची तरतूद झाली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची अनिवार्यता घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीने न्यायाधीशांना पर्यायी शिक्षेचा अधिकार मिळाला. फाशीचे कलम पुस्तकात होते, त्याच काळात मेफेड्रोनसारखे नवे पदार्थ बाजारात आले. मेफेड्रोनचा समावेश या कायद्यात २०१५ मध्ये करावा लागला. नफा मोठा असतो तेथे एक पदार्थ बंद होताच दुसरा उभा राहतो.

पोर्तुगालने २००१ पासून वेगळी वाट धरली. तेथे दहा दिवसांच्या वापराइतका अमली पदार्थ स्वतःसाठी बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. तो अजूनही निषिद्धच आहे, पण पकडलेल्या व्यक्तीला तुरुंगाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या समितीपुढे जावे लागते. व्यापार मात्र पूर्वीसारखाच दंडनीय आहे. भारताने तेच जसेच्या तसे उचलावे असे नाही. त्या देशाने उपचारांवरही खर्च केला, ही गोष्ट विसरून चालणार नाही. उपचारांशिवाय दिलेली सवलत म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणे होय.

महाराष्ट्राला स्वतःचा धडाही आहे. ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्यातील तरुणांना ग्रासले त्या काळात डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ हे लेखन केले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा वाहिली, पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले. व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तेथे पुढे कार्यकर्ते झाली. कुणी ‘गर्दुल्ला’ म्हणून टाकून दिलेला माणूस दुसऱ्याला हात देऊ शकतो, हे त्या संस्थेने लोकांच्या डोळ्यांसमोर आणले.

दुकान, शाळा आणि शासन

व्यसनाची पहिली पायरी सहसा मेफेड्रोनची नसते. ती तंबाखूची, गुटख्याची किंवा दारूची असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. नांदेडची सीमा तेलंगण आणि कर्नाटकाला, तर लातूरची कर्नाटकाला लागून आहे. गुटख्याच्या जप्तीच्या बातम्या या भागातून वारंवार येतात. तो अखेर कुठल्या तरी दुकानाच्या फळीखालूनच विकला जातो. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकणे आणि शाळा-महाविद्यालयाच्या १०० यार्डांच्या आत ते विकणे, या दोन्ही गोष्टींना २००३ च्या कायद्याने मनाई आहे. बालकाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. व्यापार हा ज्या समाजाचा कणा आहे, त्या समाजातील प्रत्येक दुकानदाराने ‘मी विकले नाही तर शेजारचा विकेल’ हा युक्तिवाद मनातून काढून टाकावा. शेजाऱ्याचे कर्म शेजाऱ्याच्या खात्यावर पडते, आपले आपल्या.

शासनही या जबाबदारीतून सुटत नाही. राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेये आणि अमली पदार्थ यांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करावा, असे राज्याला सांगते. दुसरीकडे दारूचा महसूल राज्याच्या तिजोरीत येत असतो. २०१९ च्या त्याच अहवालानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५.७ कोटींना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. गांजा ओढणाऱ्याला पोलीस ठाणे दाखवायचे आणि दारूचा परवाना मात्र दरवर्षी नव्याने द्यायचा, यातील विसंगती तरुणांच्या नजरेतून सुटत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास गावातील दारूचे दुकान बंद करण्याची तरतूद आहे. हा अधिकार गावोगावच्या भगिनींनी वापरलेला आहे.

समाजाने काय करावे?

ज्या घरात असे संकट असेल त्या घराने पहिले पाऊल लवकर उचलावे. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. खासगी केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आणि शासनमान्य आहे ना, याची खात्री करावी. कलम ६४-अ चे संरक्षण शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेतील उपचारालाच मिळते. मारहाण करून, साखळीने बांधून ‘सुधारणा’ करणाऱ्या जागी आपले लेकरू सोडू नये.

समाजाच्या संस्थांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. समाजाच्या वसतिगृहांत महिन्यातून एकदा समुपदेशक यावा. युवक मंडळे आणि महिला मंडळे चातुर्मासात तप-त्यागाचे नियम देतात, त्यांत व्यसनमुक्तीच्या नियमाबरोबर व्यसनमुक्त झालेल्याला कामावर ठेवण्याचा नियमही असावा. उपचार घेऊन परतलेल्या तरुणाला नोकरी मिळाली नाही, सोबत मिळाली नाही आणि पंगतीत कुजबुज ऐकू आली, तर तो पुन्हा त्याच जुन्या सोबतीकडे जातो.

रोहिण्यातील कारखान्याचा आणि नायगावच्या ट्रकचा हिशेब न्यायालय करील, आणि तो कठोरपणे व्हावा. पण घरातील एका मुलाचे दार कुणी ठोठवायचे, हे कोणत्याही न्यायालयाला ठरवता येत नाही. आईवडिलांनी, भावाने, शेजाऱ्याने किंवा शिक्षकाने त्याच्याजवळ जाऊन बसावे, त्याचे नाव चारचौघांत घेऊ नये आणि त्याचा हात धरून त्याला दवाखान्यापर्यंत न्यावे. झाकायचे ते झाकावे, पण सावरल्याशिवाय थांबू नये.